आकृतिबंध भागाकाराने ठरवू नका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

रिक्त पदांबद्दल आपल्याला रोज कोणी ना कोणी लिहीत असेल. मी मंजूर पदांबद्दल, म्हणजे कुठे किती पदं हवीत हे ठरवणाऱ्या आकृतिबंधाबद्दल लिहिते आहे. रिक्त पद निदान आढावा बैठकीच्या तक्त्यात दिसतं. मंजूरच न झालेलं पद कुठेच दिसत नाही.

आपला हिशेब साधा आहे. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात ३,०००. प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० आणि २०,०००. आणि शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ची. चाकणला त्यानंतर किती माणसं येऊन राहिली, हे खोल्यांची भाडी विचारली तरी कळेल. बीडमधल्या आष्टी-पाटोद्यात उलटं आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. गरोदर बाईची नोंद गावच्या उपकेंद्रात होते, पुढच्या तपासण्या (झाल्याच तर) कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य सेविकेकडे. त्या सेविकेच्या लोकसंख्येत ही बाई धरलेलीच नसते.

भाषणांत जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा येतो: दहा हजार लोकांमागे ४४.५ डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी. २००६ साली हाच उंबरठा २२.८ होता. देशादेशांची तुलना करायला तो ठीक आहे. नंदुरबारमधल्या धडगावच्या एखाद्या केंद्रात किती परिचारिका हव्यात, हे त्यातून निघत नाही.

त्याच संघटनेची दुसरी एक पद्धत आहे, डब्ल्यूआयएसएन (वर्कलोड इंडिकेटर्स ऑफ स्टाफिंग नीड). ती लोकसंख्येऐवजी काम मोजते आणि त्यावरून किती कर्मचारी लागतील ते काढते. समजा, आठवड्याचे सहा दिवस धरून वर्षाचे ३१२ दिवस. त्यातून सुट्ट्या २०, किरकोळ रजा ८, अर्जित रजा ३०, प्रशिक्षण १० वजा केले की उरले २४४. रोज सात तास धरले तर १,७०८ तास. नीट केलेल्या गरोदरपणाच्या तपासणीला २० मिनिटं लागत असतील, तर दुसरं काहीही न करता एक सेविका वर्षाला ५,१२४ तपासण्या करेल. पण 'दुसरं काहीही न करता' असं तिच्या नशिबी कधी असतं? रजिस्टरं, पोर्टलवरच्या नोंदी, बैठका, वाड्यावस्त्यांवरची पायपीट यांत ३० टक्के वेळ जातो असं धरलं, तर प्रत्यक्ष सेवेसाठी जिथे १० सेविका लागतात तिथे १४हून अधिक मंजूर कराव्या लागतील. नवीन पोर्टल सुरू करताना हा हिशेब कोणी मांडत नाही. फुकट येतं ते फक्त सॉफ्टवेअर.

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती आपल्या राज्यात महागात पडेल. ती झालेलं काम मोजते. जिथे सेविकाच नाही तिथे लोक येत नाहीत, नोंदी होत नाहीत, मग कागद म्हणतो की इथे कामच नाही. मेळघाट, धडगाव, अक्कलकुवा इथे ती आहे तशी लावली तर असलेली पदंही जातील. तिथे गरजेवरून मोजायला हवं, आणि ते आपल्या खात्याला नवीन नाही. प्रत्येक सेविका वर्षाच्या सुरुवातीला अपेक्षित गरोदर मातांचं उद्दिष्ट काढतेच: लोकसंख्या गुणिले जन्मदर, अधिक दहा टक्के. ५,००० लोकसंख्या आणि हजारी १६ जन्मदर असेल तर ८० जन्म, म्हणजे ८८ माता. उद्दिष्ट द्यायला हे गणित चालतं, मग पदं द्यायला का चालू नये?

पुढचा आकृतिबंध वित्त विभागाकडे जाण्याआधी चार तालुक्यांत ही मोजणी करा: एक आदिवासी, एक स्थलांतराचा, एक औद्योगिक आणि एक चारचौघांसारखा. कोणत्या कामाला किती मिनिटं, हे मंत्रालयात ठरवू नका. उपकेंद्रात काम करणाऱ्या सेविकांना बसवून ठरवा. आशांचं काम 'मानधना'चं म्हणून त्यांचे तास वगळू नका, नाहीतर सगळा हिशेब खोटा पडेल.

काही ठिकाणी माणसं जास्त असल्याचंही दिसेल, बहुतेक जिल्ह्याच्या गावाजवळ. तिथली पदं हलवताना आपल्याला कोणाकोणाचे फोन येतील ते मी सांगायला नको. म्हणून निकाल केंद्रनिहाय जाहीर करा, आणि तेही बदल्यांच्या हंगामाआधी.

आपली,
जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातील एक निवृत्त आरोग्य सहायिका