वॉर्डनबाईंचा राजीनामा

चि. बाबूस,

प्रभूमध्ये सलाम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंनी अकरा वर्षांनी राजीनामा दिला आणि रविवारी उपासनेनंतर मंडळीला काय सांगायचं यावर तुमच्या कमिटीत बराच खल झाला, म्हणतोस. खुद्द बाईंशी कोण बोललं, ते मात्र पत्रात कुठेच नाही. ते आधी कर. सेक्रेटरी म्हणून फाइल घेऊन जाऊ नकोस. सूनबाईला घेऊन त्यांच्या घरी जा आणि ऐक. मध्येच प्रार्थना सुरू करू नकोस. आपल्याकडे समोरच्याची तक्रार रंगात आली की लगेच कोणीतरी म्हणतं, "चला, हे प्रभूजवळ ठेवू या." तक्रार तिथेच राहते.

जाहीर करायचा मसुदा तू पाठवलास. त्यातलं "प्रभूने आमच्या भगिनीला दुसऱ्या सेवेसाठी पाचारण केले आहे" हे वाक्य काढून टाक. बाईंनी कारण स्वच्छ लिहून दिलंय: आठवड्याची सुट्टी नाही, रात्री कुठलंही मूल तापलं तरी उठायचं त्यांनीच, आणि चार वर्षं पगार जिथल्या तिथे. यात प्रभूने काय केलं? आपल्या ढिलाईवर त्याची सही घेऊ नये.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय काढ. पंफुल्यात अर्ध्यावर सोडून गेलेल्या मार्काला पुन्हा बरोबर घ्यायचं की नाही, यावरून पौल आणि बर्णबा या दोन प्रचारकांमध्ये इतकं कडाक्याचं वाजलं की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया-किलिकियाकडे. मंडळ्यांमध्ये वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात लूकने हे भांडण जसंच्या तसं लिहून ठेवलं. "बर्णबाला कुप्राचं पाचारण झालं" असं लिहून तोही मोकळा झाला असता. आणि पुढे तीमथ्याला दुसऱ्या पत्रात तोच पौल सांगतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. भांडण झाकलं नव्हतं, म्हणून ते मिटलेलंही सगळ्यांना दिसलं.

तुमचे खजिनदार घाबरलेत की बाई देणगीदारांना बरोबर घेऊन जातील. त्यांना नगरच्या टिळकांची आठवण दे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा काढला. ज्या माणसाची गाणी आपण दर रविवारी म्हणतो, तो मिशनमधून बाहेर पडला! तरी 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचं संपादन 1919 मध्ये वारेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. मिशनचं नियतकालिक, आणि संपादक मिशन सोडून गेलेला. आज आपल्या एखाद्या कमिटीला हे झेपेल का, मला शंका आहे. आपण तर गेलेल्या माणसाला व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही त्याच रात्री काढतो.

न सांगण्याचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. मी ज्या दवाखान्यात ऑफिस सांभाळत होते, तिथल्या एका कंपाउंडरने घरभाड्याच्या वादावरून नोकरी सोडली. वरून हुकूम आला, कोणी काही बोलायचं नाही, फक्त प्रार्थनेत आठवण ठेवा. महिन्याभरात कंपाउंडमध्ये बोभाटा झाला की याने औषधं विकली. हिशेबाच्या वह्या माझ्याकडे होत्या, एक गोळी कमी नव्हती. तरी पुढे त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी तेच कुजबुजलं गेलं.

म्हणून चार ओळी पुरेत, पण खऱ्या असाव्यात. किती वर्षं काय केलं, कामाचा ताण आणि पगार यांमुळे त्या जात आहेत, कमिटी त्यात सुधारणा करणार आहे. मसुदा बाईंना दाखव आणि त्यांना चालेल तेवढंच वाच.

आता पैसे. खजिनदार म्हणतात, ही सेवा होती, ग्रॅच्युइटी कसली? स्वयंपाकी, वॉचमन धरून तुमच्याकडे दहाच्या वर माणसं पगारावर आहेत आणि बाईंची सलग पाच वर्षं केव्हाच उलटली आहेत, म्हणजे कायद्याने ती द्यावीच लागते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000 असतील, तर त्याला 15 ने गुणून 26 ने भाग, मग अकरा वर्षांनी गुण. 1,14,231 रुपये होतात. ते 30 दिवसांत द्यायचे असतात. वकिलाला विचारायचं तर विचार, पण पळवाट शोधायला नको. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी हे बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात आहे, अडकवलेली मजुरी ओरडते हे याकोबाच्या पत्रात आहे, आणि याच वचनांवर आपण कापणीच्या सणाला उपदेश ऐकतो. निरोप समारंभाच्या शाली-नारळावर खर्च करण्याआधी हा चेक निघू दे.

क्वार्टर महिनाअखेर खाली करा, हा ठराव मात्र मला वाचवेना. दुसऱ्या नोकरीत माणूस नोकरी सोडतो, तेवढंच. इथे नोकरी गेली की घर जातं, मुलांची शाळा जाते, आणि रविवारी कुठे बसायचं हाही प्रश्न उभा राहतो. त्यांच्या मुलाची दहावी आहे ना? परीक्षा संपेपर्यंत राहू दे. नव्या वॉर्डनला तोवर पाहुण्यांची खोली दे. आणि बाई मंडळीच्या सभासद आहेत हे कोणी विसरू नये. राजीनामा नोकरीचा दिलाय, प्रभुभोजनाचा नाही.

वसतिगृहातल्या पोरांना त्यांनी स्वतः सांगावं, तेही शेवटच्या दिवशी नव्हे. त्या पोरांना आधीच कोणी ना कोणी सोडून गेलेलं आहे.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते, या बाईंशी तिचा संबंध नाही. उद्या कोणी मुलांशी गैर वागल्याचं कळलं, तर राजीनामा घेऊन, चांगला दाखला देऊन दुसऱ्या संस्थेत पाठवायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाराही गुन्हेगार ठरतो. "संस्थेचं नाव जाईल" म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, मग ते बिशप असोत की माझे भाऊ.

बाकी कारकुनी. वसतिगृहाच्या बँक खात्यावर बाईंची सही आहे, ती बदलायचा ठराव आधी कर. कोठीचा साठा, किल्ल्या, किरकोळ रोकड दोघांच्या सह्यांनी मोजून घे. त्यांच्यावर संशय आहे म्हणून नव्हे, उद्या कोणी घेऊ नये म्हणून. बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्यानेही जाताना सगळ्या इस्राएलासमोर विचारलं होतं, मी कोणाचा बैल घेतला? आणि लोकांकडून उत्तर वदवून घेतलं होतं. बाई विश्वस्त नाहीत हे बरं, नाहीतर 90 दिवसांत विश्वस्त बदलल्याचा अर्ज घेऊन धर्मादाय कार्यालयात खेटे घालावे लागले असते.

नव्या वॉर्डनच्या जाहिरातीत आठवड्याची सुट्टी आणि पगाराचा आकडा लिहायला लाव. तो आकडा कमिटीने मंजूर केला की मला कळव. आणि बाईंना माझा सलाम सांग.

तुझी,
आई