पलंगावर पडण्याआधी

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय बाळू,

त्या दिवशी फोनवर माझा आवाज चढला, त्याचं वाईट वाटतंय. पण बोललो ते मागं घेत नाही. "सरकारी दवाखान्याच्या भरवशावर राहू नका, ज्यानं त्यानं आपली आरोग्यविम्याची पॉलिसी काढावी," असं तू म्हणालास. सहा महिन्यांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. अण्णांच्या दुखण्यानं माझं मत फिरलं.

पहाटे त्यांच्या छातीत कळ आली आणि आम्ही तासगावहून गाडी थेट मिरजेला काढली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, पार अथणी-विजापूरकडचे पेशंट तिथं येतात. तासाभरात स्टेंट पडला, अण्णा वाचले. त्या डॉक्टरांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. छळ झाला तो बिलाच्या खिडकीवर. पॉलिसी ३ लाखांची, खोलीभाड्याला मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. त्या दिवशी ४,५०० चीच खोली शिल्लक होती. वाटलं, वरचे दीड हजार आपण भरू. तसं नसतं रे. खोली दीडपट महागाची, म्हणून डॉक्टरांची फी आणि थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापला. ९०,००० चे ६०,००० धरले. हातमोजे, मास्क असले ९,००० तर पॉलिसीत बसतच नाहीत म्हणे. चार दिवसांचं वरचं खोलीभाडं धरून ४५,००० आमच्या खिशातून गेले. डिस्चार्ज सकाळी दहाला लिहिला, कंपनीची मंजुरी यायला संध्याकाळचे सात वाजले. तोवर अण्णा धोतर-टोपी घालून पलंगाच्या कडेला बसून होते.

पण खरा घाव घरी आल्यावर बसला. आईनं त्यांची चंची झटकली, तर सुपारीच्या खांडांबरोबर गोळ्यांचे तुकडे पडले. बीपीच्या, साखरेच्या. नखानं मोडलेल्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या. दोन वर्षं ते असंच करत होते. आरोग्य केंद्रात गोळ्या असल्या तर दहा दिवसांच्या मिळायच्या, नसल्या की मेडिकलमधून आणायच्या, महिन्याला ७०० रुपयांच्या. पावसानं द्राक्षबाग गेली तेव्हापासून त्यांनी काटकसर सुरू केली, कुणाला न सांगता. आणि मी त्यांच्या पॉलिसीचा वर्षाचा २४,००० हप्ता एकदाही चुकवला नव्हता! गोळ्या वर्षाच्या ८,४०० च्या होत्या, बाळू. त्या पुरत्या घेतल्या असत्या तर कदाचित ती पहाट आलीच नसती.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडची बहुतेक पॉलिसी माणूस पलंगावर पडल्याशिवाय पैसे देत नाही. पडू नये म्हणून जे लागतं, ती तपासणी, ती रोजची गोळी, ते तिच्या हिशेबात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, चांगलं झालं. पण त्यानं हे बदलत नाही.

सरकारी योजनेचंही मी आंधळेपणानं कौतुक करत नाही. यार्डातल्या एका हळदीच्या हमालाचं बायपास महात्मा फुले योजनेत झालं. दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसानं, म्हणजे आरोग्यमित्रानं, रेशनकार्ड, आधार बघितलं आणि एक रुपया न भरता तो घरी आला. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही ती योजना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आम्ही पॉलिसीच्या भरवशावर होतो, त्यामुळं आमचा दवाखाना योजनेत आहे का, हे विचारायचंही सुचलं नाही. पण तिथंही आजार यादीत बसावा लागतो, आणि तो हमाल आज गोळ्या स्वतःच्या हमालीतूनच घेतो.

म्हणून मला वाटतं, सुरुवात गावच्या केंद्रापासून व्हावी आणि ती सगळ्यांसाठी असावी, करातून. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा देणाऱ्या भोर समितीनं हेच सांगितलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये. ब्रिटननं १९४८ साली ते करून दाखवलं. तू तिथल्या रांगांचं बोललास. खरं आहे, गुडघ्याच्या ऑपरेशनला तिथं महिनोन्‌महिने थांबावं लागतं. पण तिथल्या म्हाताऱ्यावर गोळी मोडून खायची वेळ येत नाही. थायलंड काही श्रीमंत देश नव्हे, तरी २००१ पासून त्यांनी ३० बाटमध्ये, म्हणजे तिथल्या नाममात्र पैशात, उपचार द्यायला सुरुवात केली. आपण आपल्या २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलं की आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ मध्ये तो १.८४ होता, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. २०१४-१५ मध्ये ते ६२.६ होते, म्हणजे वाट सापडलीय. मग अर्ध्यावर का थांबायचं?

तुझी पॉलिसी कंपनीची आहे. नोकरी आहे तोवर ती आहे, एवढं ध्यानात ठेव. आजच तिचे कागद काढ आणि खोलीभाड्याची मर्यादा बघ. आणि काकू सत्तरीच्या पुढं गेल्यात ना? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेचं ५ लाखांचं कार्ड मिळतं. पुढच्या शनिवारी आलास की त्यांचं आधार घेऊन ये, आपण दोघं जाऊन काढू. त्या रोजच्या गोळ्या पुरत्या घेतात का, तेही विचार. नुसतं विचारू नकोस, पाकीट बघ.

तुझा,
दिनू

ता. क. अण्णा आता सकाळी अंगणात शंभर पावलं चालतात. चंची आईनं काढून घेतलीय, त्यावर रुसलेत.