वेग फक्त चाचणीपुरताच?
घरी १०० एमबीपीएसची (मेगाबिट प्रति सेकंद) फायबर इंटरनेट जोडणी असूनही रात्री नऊनंतर व्हिडिओ अडखळतो आणि तक्रार केल्यास कंपनीचा माणूस मोबाइलवर स्पीड टेस्टचा आकडा दाखवून निघून जातो. ही चाचणी बहुधा जवळच्या सर्व्हरपर्यंतचाच वेग मोजते. चित्रपट जिथून येतो त्या वाटेवर, दोन नेटवर्क जोडली जातात त्या ठिकाणी गर्दीच्या वेळी होणारी कोंडी तीत दिसतेच असे नाही. वास्तविक फुल एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. वाय-फायचा दोष असू शकतो, हे मान्य. पण राउटरला थेट केबल जोडूनही चित्र थांबत असेल, तर ग्राहकाने आणखी काय करावे? अशा जोडबिंदूंवरील गर्दीच्या वेळची स्थिती कंपन्यांनी नियमितपणे जाहीर करावी, असे बंधन दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने घालावे.
– एक वाचक, डोंबिवली