शेवटी तो दोनच शब्द बोलतो

प्रिय बंड्या,

घे, बघितला एकदाचा 'द आर्टिस्ट'! तू किती वर्षं मागे लागला होतास आणि मी आपला 'मूकपट, तोही ब्लॅक अँड व्हाइट, झोप लागेल रे' म्हणून टाळत होतो. पहिली दहा मिनिटं सवयीनं मोबाईल हातात होता, मग लक्षात आलं की एरवी मान खाली असली तरी कान पिक्चर बघत असतात, इथे ती सोयच नाही, नजर हटली की सीन गेला. ठेवला बाजूला.

नंतर वाचलं तर कळलं की शूटिंग रंगीतच केलंय, रंग मागाहून काढले, आणि सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेम, म्हणून सगळे किंचित लगबगीत चालतात. २०११ साली बसून १९२७ चं हॉलिवूड करायचं म्हणजे असली लबाडी हवीच. पण मला भावला तो साधा कोटाचा सीन. ती नवखी नटी पेपी मूकपटांचा स्टार जॉर्ज याच्या टांगलेल्या कोटात एक हात घालते आणि तोच हात तिच्या कमरेवर येतो, म्हणजे मिठी मारतेय तीच आणि मारून घेतेय पण तीच. यात डायलॉग असता तर वाट लागली असती.

आणि जॉर्जचं ते स्वप्न! इतका वेळ नुसतं संगीत ऐकल्यावर तो ग्लास टेबलावर ठेवतो आणि खट्ट आवाज येतो, मी दचकलोच. फोन वाजतो, कुत्रा भुंकतो, पोरी हसतात, फक्त याच्याच घशातून काही फुटत नाही.

आता भांडणाचा मुद्दा. तू म्हणाला होतास की बोलपट आले तरी त्यात काम करायला तयार नसलेला जॉर्ज हट्टी आहे, माज नडला त्याला. मलाही शेवटपर्यंत तेच वाटत होतं. पण शेवटी नाच संपतो, धाप ऐकू येते, प्रोड्युसर अजून एक टेक मागतो आणि हा म्हणतो 'विथ प्लेझर', तेही अस्सल फ्रेंच हेल काढून! मी चटकन मागे जाऊन परत ऐकलं. अरे, हॉलिवूडचा एवढा स्टार आणि बोलला असता तर पहिल्याच वाक्याला परका ठरला असता, ही भीती होती त्याला. मग मी पहिल्यापासून लावला परत. सुरुवातीलाच पडद्यावरच्या पिक्चरमध्ये त्याचा छळ चाललाय आणि पाटी येते, 'मी बोलणार नाही!' पुढे बायको विचारते, तू बोलत का नाहीस, तिथेही हा गप्प. आणि तो बोलपटाची टेस्ट बघून खोखो हसतो ना, ते हसू आता मला माजाचं वाटत नाही, घाम फुटलेल्या माणसाचं वाटतं.

पाच ऑस्कर मिळाले तेव्हा मी नाकं मुरडली होती, ते शब्द मागे. माज हा शब्द मात्र तू मागे घे, पण आधी एकदा परत बघ.

कुत्र्याबद्दल वेगळं पत्र लिहीन. कान्स फिल्म फेस्टिव्हलला 'पाम डॉग', म्हणजे पडद्यावरच्या कुत्र्यांसाठीचं बक्षीस, मिळवलेला प्राणी आहे तो, असा दोन ओळींत आटपणार नाही.

तुझाच,
पक्या