टक्केवारी नको, नोंदणी पाहा

संपादक महोदय,

जिल्ह्याच्या गावी टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांचे फलक जागोजागी लागले आहेत. २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. पहिल्या स्तराच्या केंद्राला फक्त आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणे) करता येते. आयव्हीएफसाठी (म्हणजेच टेस्ट ट्यूब बेबीसाठी, ज्यात प्रयोगशाळेत भ्रूण तयार करतात) दुसऱ्या स्तराचीच नोंदणी लागते. प्रमाणपत्र मागून पाहा.

फलकावरचे ‘यश ७० टक्के’ म्हणजे कशाचे? गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी पुढे गर्भपात होऊ शकतो. आकडा जन्मलेल्या बाळांचा, पत्नीच्या वयोगटाचा आणि सुरू केलेल्या प्रत्येक उपचारचक्रामागचा हवा. भ्रूणतज्ज्ञ महिन्यातून एकदाच येत असेल, तर स्त्रीबीजे काढण्याचा दिवस पत्नीच्या शरीराप्रमाणे नव्हे, तर त्याच्या सोयीने ठरतो. असे केंद्र टाळावे. इंजेक्शनांचा खर्च आणि भ्रूण गोठवून ठेवण्याचे वार्षिक शुल्क लेखी घ्या. पतीची वीर्यतपासणी न करताच पत्नीला दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली, तर तिथून सरळ उठा.

– एक वाचक, सांगली