तंबाखू सुटत नाही, कारण भूक सुटत नाही

व्यसनी माणसाला आपण एक तर मनाचा कच्चा ठरवतो, नाहीतर मेंदूचा रोगी. दोन्हीकडे त्याचे रोजचे जगणे बाजूलाच राहते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या दर पाच सैनिकांमागे जवळपास एक जण हेरॉइनच्या आहारी गेला होता. 1971 मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांची पाहणी अमेरिकी संशोधक ली रॉबिन्स यांनी केली. पहिल्या वर्षात या व्यसनींपैकी जेमतेम 5 टक्के पुन्हा व्यसनात अडकले होते, तेही बहुतेकांनी कसलाच उपचार घेतलेला नसताना! घरी हेरॉइन मिळत नव्हते असेही नाही. युद्ध मागे पडले होते.

आमच्याकडचा ऊसतोड कामगार पहाटे फडात उतरण्याआधी तळहातावर तंबाखू-चुना मळतो, कारण त्याने भूक मरते आणि दुपारपर्यंत कोयता चालतो. बायका तव्यावर भाजलेली मिश्री लावतात, दात ठणकला की जरा जास्तच. निकोटीन शरीराला जखडते, हे मान्यच. पण गुटखाबंदी 2012 पासून आहे आणि पुडीवर कर्करोगाचे चित्रही आहे, तरी हात पुडीकडेच जातो. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र रुग्णासोबत त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घेते. तोच विचार पुढे न्यायला हवा. यंदाच्या गळीत हंगामात कारखान्यांनी टोळ्यांच्या तळांवर व्यसनमुक्तीचे फलक लावण्याआधी सकाळचे गरम जेवण आणि दातांचा डॉक्टर पोहोचवावा.

– एक वाचक, केज (जि. बीड)