कपड्यांवरून निदान होत नाही

महोदय,

पुरुषाने बायकांचे किंवा बाईने पुरुषांचे कपडे घालणे हा 'मानसिक विकार' आहे, असे बातम्यांत आणि सल्ल्याच्या सदरांत आजही सर्रास छापून येते. वैद्यकाची आजची भूमिका तशी नाही, आणि जुनी भूमिकाही कधी एक नव्हती.

बर्लिनचे डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१० साली १७ जणांच्या नोंदी तपासून ही प्रवृत्ती समलैंगिकतेहून वेगळी आहे, असे मांडले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 'डीएसएम' या निदान-पुस्तिकेने मात्र १९५२ मध्ये तिला लैंगिक विकृतींत टाकले. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत हे निदान फक्त स्त्रियांकडे आकर्षित होणाऱ्या पुरुषांपुरते उरले. बाईने पँट-शर्ट घातला तर प्रश्नच नव्हता!

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-१०' या रोगवर्गीकरणाची तऱ्हा आणखी न्यारी. असे कपडे घालून लैंगिक उत्तेजना येत असेल तर कोड एफ६५.१, येत नसेल आणि काही काळ दुसऱ्या लिंगाचे होण्याचे समाधान हवे असेल तर एफ६४.१. कुठूनही गेलात तरी रुग्णच. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या 'आयसीडी-११'ने हे दोन्ही कोड काढून टाकले. स्वीडनने तर ते २००९ मध्येच रद्द केले होते.

'डीएसएम-५'मध्ये (२०१३) निदान अजून आहे, पण अटींसह: अशा पेहरावातून वारंवार, तीव्र लैंगिक उत्तेजना, ती किमान ६ महिने, आणि त्यापायी त्या व्यक्तीला लक्षणीय त्रास किंवा कामकाजात, नातेसंबंधांत अडथळा. ही शेवटची अट पुरी होत नसेल, तर रोज साडी नेसणाऱ्या पुरुषालाही हे निदान लागत नाही.

घोळ होतो तो याच अटीपाशी. घरचे धरून आणतात, रडतात, आणि केसपेपरवर त्यांचा त्रास रुग्णाचा म्हणून उतरतो. 'आयसीडी-११' याबाबत स्पष्ट आहे. स्वतःपुरत्या किंवा परस्परसंमतीच्या वर्तनात, इतरांनी नाकारल्यामुळे अथवा नाकारतील या भीतीमुळे होणारा त्रास निदानासाठी पुरेसा नाही. शिवाय असा पेहराव करणारा प्रत्येक जण ट्रान्सजेंडर असतो, हेही खरे नाही. लिंगभाव-विसंगतीचा (म्हणजे स्वतःला जाणवणारे लिंग आणि जन्मावेळी नोंदलेले लिंग न जुळण्याचा) 'आयसीडी-११'मधला एचए६० हा कोड आता मनोविकारांच्या प्रकरणात नाही, आणि तोही केवळ वागण्या-आवडीवरून देता येत नाही.

कागदावर एफ६५.१ दिसला, तर कोणत्या आवृत्तीनुसार आणि नेमका कोणाचा त्रास पाहून तो लिहिला, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. 'विकार' हा शब्द छापण्याआधी संपादकीय विभागानेही तेवढे विचारावे, ही विनंती.

– एक मानसोपचारतज्ज्ञ